मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय जळतो : मज्जारज्जूला विद्युत-उद्दीपन देण्याचा निर्णय घ्यावा का?

कृष्णाकाठ :
माझ्या वडिलांच्या (वय ६८) कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षे झाली. एमआरआयमध्ये नस मोकळी दिसते, तरीही रात्री डावा पाय पोटरीपासून अंगठ्यापर्यंत असा जळतो की चादरीचा स्पर्शही त्यांना सोसवत नाही. प्रेगाबालिन या नसेच्या वेदनेवरील औषधाने गुंगी येते, आराम पडत नाही. आता मज्जारज्जूलगत तारा बसवून विजेचे सौम्य स्पंद देणारे यंत्र सुचवले आहे. त्यासाठी आम्हाला ठेव मोडावी लागेल, म्हणून विचारतो : यामागे भक्कम संशोधन आहे का? शिवाय पुढच्या महिन्यात आईच्या गुडघ्याचा सांधा बदलायचा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठीही असा उपचार करतात का?

भूलतज्ज्ञ_नाशिक :
या उपचाराचे मूळ मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धांतात आहे. स्पर्शाची जाणीव नेणारे जाड तंतू चेतवले, तर वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो, त्यामागेही हेच कारण आहे. दोनच वर्षांनी अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी रुग्णाच्या शरीरात असे पहिले यंत्र बसवले. आपल्या वडिलांसारख्याच १०० रुग्णांवरील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्के जणांच्या पायाचे दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरले. केवळ औषधोपचारावर हे प्रमाण ९ टक्के होते. मात्र त्या चाचणीत खोटे उद्दीपन (यंत्र बसवूनही वीज न देणे) दिलेला गट नव्हता आणि ही उणीव मला मोठी वाटते. नॉर्वेत ५० रुग्णांना आळीपाळीने खरे आणि खोटे उद्दीपन दिले गेले. २०२२ साली आलेल्या त्या निष्कर्षांत, दुखण्यामुळे दैनंदिन हालचालींवर येणाऱ्या मर्यादेत लक्षणीय फरक आढळला नाही. तिथे वापरलेली विजेच्या स्पंदांची लहर रुग्णाला जाणवत नाही, तर जुन्या पद्धतीत मुंग्या जाणवतात, म्हणून एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही.

आईंच्या बाबतीत : तिथे मज्जारज्जूला हात लावत नाहीत, सोनोग्राफीत पाहून नसेजवळ केसासारखी बारीक तार सोडतात आणि तिच्यातून सौम्य स्पंद देतात. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ ब्रायन इल्फेल्ड आणि सहकाऱ्यांनी पाऊल, घोटा, गुडघ्याचा अस्थिबंध व खांदा यांच्या शस्त्रक्रियांनंतर साठ-पासष्ट रुग्णांवर ही पद्धत १४ दिवस वापरली. पहिल्या आठवड्यात वेदनेची सरासरी दहापैकी १.१ राहिली, खोट्या उद्दीपनाच्या गटात ती ३.१ होती, घेतलेल्या अफूवर्गीय औषधांचा मध्यांक खोट्या उद्दीपनाच्या गटात ४८ मिलिग्रॅम, तर खऱ्या उद्दीपनाच्या गटात ५ मिलिग्रॅम होता. हा प्राथमिक अभ्यास आहे आणि सांधाबदल त्यात नव्हता, त्यामुळे आईंसाठी सध्या नस बधिर करण्याचे इंजेक्शनच विचारा.

मुक्ता_सातारा :
दादा, माझ्या यजमानांना हे यंत्र बसवून दोन वर्षे झाली. आधी आठवडाभर तारा आत आणि यंत्र बाहेर पट्ट्यावर अशी चाचणी होते. ती केल्याशिवाय कायमच्या यंत्राला होकार देऊ नका. दुखणे निम्मे तरी उतरले पाहिजे, ही अट सहसा धरतात, पण मी रोज वहीत झोपेचे तास आणि चाललेले अंतरही लिहीत होते, त्याचाच खरा उपयोग झाला. बॅटरी रोज जेवणानंतर कमरेवर चार्जर बांधून भरावी लागते, हे आम्हाला रुग्णालयाने यंत्र बसवल्यावर सांगितले, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे एमआरआय करता येईल का, हेही आधीच लेखी घ्या.

कृष्णाकाठ :
मुक्ताताई, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. चाचणीची तारीख ठरवताना वडिलांसोबत मीही जाईन. कोणती लहर वापरणार आणि एमआरआयचे काय, हे दोन्ही प्रश्न लिहून घेतले आहेत. वही आज रात्रीपासूनच सुरू करतो, म्हणजे चाचणीपूर्वीच्या नोंदीही हाताशी राहतील.