मदत हवी आहे: चिकन सुंभासारखं आणि बटाटा कच्चा, चुकतंय कुठं?

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, सध्या बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. खोलीवर एक शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक कढई आणि गावाकडनं आणलेला बिडाचा तवा. (दिवसभर बीड ओतायचं आणि रात्री त्यावरच भाकरी भाजायची.)

जिममधल्या पोरांचं ऐकून ब्रेस्ट पीस आणायला लागलोय. सोमवार, शनिवार पाळतो, त्यामुळं प्रयोग रविवारीच. पहिल्यांदा अर्धा किलो चिकन, तीन बटाटे, कांदा, टोमॅटो आणि आईनं दिलेली चटणी असं सगळं कुकरात घालून चार शिट्ट्या काढल्या. बटाट्याचा लगदा, चिकनचा सुंभ. पुढच्या रविवारी तेच सगळं दही घालून कढईत झाकून वीस मिनिटं शिजवलं. चिकन पुन्हा सुंभच, आणि बटाटा मात्र दाताखाली कचकच! आई म्हणते, "तंगडी आण, रस्सा कर." पण मला रोजच्या डब्याला साधं, सुकं काहीतरी हवंय. जरा सांगा की.

(चटणी म्हणजे आपलं संकेश्वरी-ब्याडगीचं मसाल्याचं तिखट. पुण्याकडच्यांनी खोबरं शोधू नये.)

प्रतिसाद १
आधी तो कुकर भाताला ठेव.

प्रतिसाद २
मी निपाणीची, दोन पोरांचे डबे करून वैतागलेली, म्हणून सविस्तर लिहिते.

भाऊ, तुमच्या डोक्यात जवारी, म्हणजे गावठी कोंबडीचा हिशेब आहे. तिला तासभर रटरटू द्यावं लागतं. ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसते, जास्त शिजलं की त्यातलं पाणी पिळून निघतं आणि दोरे उरतात. इंचभर तुकड्यांना सात-आठ मिनिटं पुरे. बटाट्याच्या फोडींना त्याच्या दुप्पट. मग दोघांना एकदम कढईत कशाला ढकलायचं?

आणि बटाटा कच्चा राहिला तो दही-टोमॅटोमुळं. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही. म्हणून आधी तेलात कांदा, त्यावर बटाटा, मीठ, पाण्याचा हबका आणि झाकण. सुरी सहज आत गेली की मग चिकन आणि चटणी. टोमॅटो अगदी शेवटी.

चिकन आधी अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा, लिटरला दोन मोठे चमचे मीठ. मग भाजीत मीठ बेतानं. कापताना धागे कुठल्या दिशेनं जातात ते बघा आणि त्यांना आडवं कापा. निम्मा सुंभ तिथंच कमी होतो. झालं की नाही हे बघायला सगळ्यात मोठा तुकडा मोडा. आत गुलाबी नको, रस स्वच्छ हवा.

प्रतिसाद ३
बिडाचा तवा असताना कढई कशाला? ब्रेस्ट मधनं चिरून पुस्तकासारखा उघड, वाटीच्या बुडानं ठोकून सारखा कर. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तापल्या तव्यावर एका बाजूला चार मिनिटं, दुसऱ्या बाजूलाही तेवढीच. उतरवून पाच मिनिटं झाकून ठेव, लगेच कापू नकोस. बटाटा आधीच उकडून काप करायचे आणि त्याच तव्यात चिकन भाजून उरलेल्या तेलात परतायचे. माझ्या मते खरी मजा त्या बटाट्यातच आहे.

चिकन नळाखाली धुऊ नकोस. शिंतोडे उडून जंतू भांड्यांवर जातात.

प्रतिसाद ४
न धुता? आमच्याकडं सासूबाई घराबाहेर काढतील.

प्रतिसाद ३
मग पातेल्यात हलक्या हातानं धुवा, नंतर ओटा घासा आणि सासूबाईंना काही सांगू नका.

धागाकर्ता
काल तव्याचं करून बघितलं. चिकन मऊ! बटाट्याचे काप कडेनं कुरकुरीत, दोन भाकऱ्या कधी संपल्या कळलं नाही. एकच घोटाळा झाला, चटणी थेट तापल्या तव्यावर पडली. ठसक्यानं शेजारच्या खोलीतली पोरंपण खोकत बाहेर. ती नेमकी कधी घालायची?

प्रतिसाद २
गॅस बंद केल्यावर, बटाट्यावर भुरभुरून. वर लिंबू पिळा.