मदत हवी आहे: एका टीममधलं चॅनेल दुसऱ्या टीममध्ये कसं हलवायचं? (अर्जंट)

अंबडकर_७
सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर द्या. आमच्या ‘प्रॉडक्शन’ टीममध्ये ४१ चॅनेलं झालीत. कस्टमरची, मशीनची, एक तर कुणीतरी ‘टेस्ट टेस्ट’ नावाचं करून ठेवलंय. कस्टमरची उचलून वेगळ्या टीममध्ये टाकायची आहेत. राइट क्लिक केलं तर मूव्ह येतच नाही. तास गेला यात. सोमवारी कस्टमर ऑडिट आहे.

गोदाकाठ
कोणतं सॉफ्टवेअर? मायक्रोसॉफ्ट टीम्सच ना?

अंबडकर_७
टीम म्हटल्यावर टीम्सच असणार ना हो!

गोदाकाठ
चॅनेलं स्लॅकमध्येही असतात, झोहो क्लिकमध्येही असतात, म्हणून विचारलं. चिडू नका. चॅनेलच्या नावाशेजारी कुलूप दिसतं का? कुलूप असेल तर प्रायव्हेट, नसेल तर स्टँडर्ड. उत्तर त्यावर आहे.

सातपूरचे_तात्या
तीस वर्षं जॉबवर्क करतोय. आमच्याकडे व्हॉट्सॲपचे तीन ग्रुप आहेत: माल आला, माल गेला, आणि बोंबाबोंब. एकही ऑर्डर चुकली नाही. एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात, तुमच्या अख्ख्या गल्लीतल्या कंपन्या बसतील. हे चॅनेल-फिनेल कशाला?

सर्व्हररूम
तात्या, ऑडिटर ‘रिव्हिजन सी’चं ड्रॉइंग मागतो तेव्हा ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांतून ते शोधून देता का?

अंबडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: होत नाही. चॅनेल जसंच्या तसं दुसऱ्या टीममध्ये न्यायचं बटणच नाही, म्हणून सापडत नाहीये. फायली मात्र नेता येतात. स्टँडर्ड चॅनेल म्हणजे मागे शेअरपॉइंटमधला (मायक्रोसॉफ्टची टीमच्या फायली ठेवायची जागा) एक फोल्डर असतो. प्रायव्हेट चॅनेलची साइटच वेगळी असते. फोल्डर शेअरपॉइंटमध्ये उघडा, फायली निवडा, ‘मूव्ह टू’ करून नव्या चॅनेलच्या फोल्डरात टाका. गप्पा जुन्या जागीच राहतात. ते चॅनेल आर्काइव्ह करा, म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही.

फाइव्हएस_मामा
आधी हलवायचं कशाला ते ठरवा. शॉपफ्लोअरवर टूलट्रॉली लावताना काय करतो आपण? नको ते बाहेर, मग उरलेल्याला जागा. ४१पैकी तीन महिन्यांत ज्यात एकही मेसेज नाही त्यांना रेड टॅग, म्हणजे ‘नको’ची लाल चिठ्ठी, लावा. पैजेवर सांगतो, पंधरा उरतील. त्यांना ०१, ०२ असे आकडे पुढे लावा, यादी अक्षरांनुसार लागते म्हणून आकड्यांचा उपयोग होतो. वेगळी टीम लागणारच नाही.

सर्व्हररूम
मामा, कस्टमरला गेस्ट (बाहेरच्या कंपनीचा मेंबर) म्हणून आत घेत असतील तर वेगळी टीम लागतेच. गेस्ट टीममध्ये आला की त्याला सगळी स्टँडर्ड चॅनेलं दिसतात. एका कस्टमरला दुसऱ्याचं ड्रॉइंग दिसलं तर ऑडिट राहू द्या, ऑर्डरच जाईल.

फाइव्हएस_मामा
मग त्याच्यापुरतं प्रायव्हेट चॅनेल करा.

सर्व्हररूम
प्रत्येक कस्टमरला एक प्रायव्हेट, म्हणजे मागे तेवढ्या साइट्स. प्रत्येकीचे मेंबर वेगळे सांभाळायचे. कोण सांभाळणार, तुम्ही येणार का अंबडला?

फाइव्हएस_मामा
येतो. गाडीभाडं द्या.

गंगापूर_रोड_वाली
धागा दिसला म्हणून विचारते. टीम्सवर मीटिंग घेतली की माझाच आवाज मला परत ऐकू येतो. लॅपटॉप नवीन आहे. कोणी सांगेल का?

गोदाकाठ
ताई, वेगळा धागा काढा ना.
अंबडकर, कुलुपाचं सांगितलं नाहीत अजून.

अंबडकर_७
कुलूप नाही. कस्टमर गेस्ट आहेत, दोन आहेत. आर्काइव्ह पण दिसत नाही मला. सर्व्हररूम, तुम्ही म्हणता तसं काही नाहीच इथे.

गोदाकाठ
आर्काइव्ह दिसत नाही म्हणजे तुम्ही ओनर नाही बहुतेक. टीमच्या नावाशेजारच्या तीन टिंबांतून ‘मॅनेज टीम’ उघडा, ओनरच्या खाली कुणाचं नाव आहे?

अंबडकर_७
ओनर कोणीच नाही दाखवत. मी मेंबर आहे. हे सगळं आमचा कॉम्प्युटर बघणारा मुलगा करायचा. तो सोडून गेला.

सर्व्हररूम
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. कधी गेला? त्याचं अकाउंट आहे की काढलं?

अंबडकर_७
शेठनी काढायला लावलं. लायसन्सचे पैसे फुकट कशाला भरायचे म्हणून. त्याचा चॅनेलशी काय संबंध?

सातपूरचे_तात्या
व्हॉट्सॲपवर ॲडमिन गेला की दुसरा आपोआप ॲडमिन होतो. एवढंच बोलतो आणि गप्प बसतो.

सर्व्हररूम
तारीख सांगा. आणि हे सांगा, तो मुलगा ड्रॉइंग चॅनेलमध्ये टाकायचा की चॅटमध्ये?

अंबडकर_७
आमच्यात ‘क्वालिटी डिस्पॅच’ नावाचा ग्रुप चॅट आहे. सगळी ड्रॉइंग त्यातच. चॅनेलमध्ये कोण बघतंय. एचआरला विचारलं, अकाउंट २ तारखेला काढलंय. पण फायली आत्ताही उघडतात, मी आत्ताच एक उघडली. त्यामुळे तो प्रॉब्लेम नाहीये.

सर्व्हररूम
तोच प्रॉब्लेम आहे. चॅनेलमध्ये टाकलेली फाइल टीमची असते. चॅटमध्ये टाकलेली फाइल, टाकणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ऑनलाइन कपाटात, ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स चॅट फाइल्स’ या फोल्डरात राहते. तुम्हाला दिसते ती नुसती लिंक. अकाउंट काढल्यावर सेटिंग बदललं नसेल तर वनड्राइव्ह ३० दिवस राहतं, तेवढे दिवस लिंकही चालते. म्हणून तुम्हाला सगळं ठीक वाटतंय. आज २६. चोवीस दिवस गेले.

पाथर्डी_फाटा
३० नाही, ९३ दिवस असतात. आमच्याकडे परत आणलं होतं.

सर्व्हररूम
दोन्ही बरोबर. अकाउंट परत आणायला ३० दिवस. वनड्राइव्ह पुसलं गेल्यावर ते ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये असतं, पण तिथून ॲडमिनलाच काढता येतं, तेही पॉवरशेलवर कमांड मारून. अंबडकर जिचा ॲडमिन कोण हेच माहीत नाही त्या कंपनीत आहेत. त्यांना ९३ची आशा लावू नका.

अंबडकर_७
मग आता?? १८० च्या वर ड्रॉइंग आहेत.

गोदाकाठ
घाबरू नका. ॲडमिनशिवाय आत्ता होईल तेवढं: त्या ग्रुप चॅटमध्ये वर फायलींचा टॅब आहे, त्यात सगळी यादी येईल. एकेक करून डाउनलोड करा आणि एखाद्या चॅनेलच्या फायलींच्या टॅबमध्ये चढवा. मेंबरला एवढं करता येतं. पण गेस्ट बसलेल्या टीममध्ये चढवू नका! नवी टीम काढता येत असेल तर काढा, तिथे ओनर तुम्हीच.

फाइव्हएस_मामा
आणि चढवताना जुनी रिव्हिजन वेगळ्या फोल्डरात. हे तरी ऐका.

द्वारका_सर्कल
अवांतर: आज अंबड एमआयडीसीला शनिवारची सुट्टी ना? मग कोण करतंय हे? आमच्याकडे तर सिंहस्थाच्या कामांनी रस्ता खोदलाय, कामाच्या दिवशी पोहोचतोच साडेदहाला.

सातपूरचे_तात्या
सुट्टी मशीनला. ऑडिट असलं की माणसाला नाही. अंबडकर, जेवून घ्या आधी.

सर्व्हररूम
सोमवारी शेठना विचारा, मायक्रोसॉफ्टचं बिल कोण भरतं. बिल ज्याच्याकडून येतं त्या एजन्सीकडे ॲडमिनचा पासवर्ड असायची शक्यता आहे. त्यांना दोन कामं सांगा: ‘डिलीटेड युजर्स’मधून तो मुलगा रिस्टोअर करून महिनाभर लायसन्स द्या, आणि टीम्सच्या ॲडमिन सेंटरमधून ‘प्रॉडक्शन’ला दोन ओनर लावा. दोन. एक नाही.

अंबडकर_७
६४ उतरवली. नवीन टीम काढता आली. ११ फायली ‘ॲक्सेस नाही’ म्हणतात, त्या बहुतेक त्याने मलाच शेअर केल्या नव्हत्या. क्वालिटीच्या मॅडमना फोन लावलाय, त्यांच्याकडून उघडतात का बघतो. बाकी रात्री.

गंगापूर_रोड_वाली
माझा आवाज?

गोदाकाठ
ताई, त्याच खोलीत मोबाइलवरही तीच मीटिंग चालू आहे का?

गंगापूर_रोड_वाली
हो. मोबाइल शेजारीच असतो.

अंबडकर_७
मॅडमकडे ११पैकी ९ उघडली. उरलेली दोन जुन्या कस्टमरची आहेत, तो आता माल घेत नाही. १८७ झाली एकूण. ४१ चॅनेलं तशीच आहेत, ओनर आल्यावर बघू. ‘टेस्ट टेस्ट’मध्ये काय आहे कुणाला उघडून बघायची हिंमत नाही.