उत्तर: डिपॉझिट नेमकं कुणाला परत मिळणार?

वर विचारलंय की भाडेकरार जोडप्याच्या दोघांच्या नावावर, आता त्यांचं आपसात फाटलंय, ती घर सोडून गेली आणि अर्धं डिपॉझिट मागतेय, तर मालकाने कुणाला द्यायचं. माझं बेळगावच्या टिळकवाडीत सेम झालेलं. ५० हजार डिपॉझिट, ३० माझ्या खात्यातून गेलेले, २० माझ्या तेव्हाच्या जोडीदाराने रोख दिलेले आणि त्याची पावतीच नाही! मालककाका म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा बाई, दोघांची सही आणा मग देतो." तेव्हा जाम राग आला, पण वाटणी करारात लिहिलेली नसली की मालकाच्या लेखी दोघं मिळून एकच भाडेकरू, त्यांनी एकट्याला देऊन डोक्याला ताप का घ्यावा.

आणि करार कन्नडमध्ये, मी न वाचताच सही केलेली, शेवटी शेजारच्या अक्कांनी वाचून दाखवला तर घराच्या रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापायचं आधीच लिहिलेलं, म्हणजे आम्ही भांडत होतो ते पैसे नव्हतेच पूर्ण. मग कागदावर कुणाला किती, हेस्कॉमचं (तिथली वीज कंपनी) शेवटचं बिल कुणी भरायचं, चावी कधी दिली एवढं लिहून दोघांनी सह्या केल्या, मालकाने दोन वेगळे ट्रान्सफर केले. तुम्ही पण आधी बँकेचं स्टेटमेंट काढा. मालकाने अडवलंच तर वकिलाची नोटीस, पण दावा लावायला साधारण ३ वर्षंच असतात, झोपून राहू नका.