पहिला ग्रो लाइट कोणता: जांभळा, पांढरा की साधी ट्यूब?

कोवळा_कोंब

टोमॅटो आणि मिरचीचं बी मी पहिल्यांदाच घरात लावलं. खिडकीतून दिवसभर उजेड असतो, ऊन मात्र कधीच येत नाही. टोमॅटो आठवड्यात रुजला, मिरचीने दोन आठवडे घेतले, आणि पुढे जे झालं ते बघून जीव हळहळला. रोपं सुतासारखी वाढली, सगळी काचेकडे माना वाकवून उभी. खोड इतकं नाजूक की झारीचं पाणी पडलं तशी तीन रोपं आडवी झाली. ती उठलीच नाहीत.

म्हणून आता ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, घ्यायचाय. जागा म्हणजे रॅकचा एक खण, ६० सेंमी बाय ६० सेंमी. समोर दोन पर्याय आहेत. एक जांभळ्या प्रकाशाचा, खोक्यावर १००० वॅट छापलेला. दुसरा पांढऱ्या प्रकाशाचा सपाट पॅनेल, १०० वॅटचा. माझा कल जांभळ्याकडे आहे. शाळेत शिकलोय की हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा परत पाठवतं, म्हणून तर पान हिरवं दिसतं. मग झाडाला नको असलेल्या हिरव्यावर वीज का जाळायची? चुकत असेन तर सांगा, पण कुठे चुकतंय तेही सांगा.

पानोपानी

शाळेतला तो आलेख हरितद्रव्याचा आहे, पानाचा नाही. हरितद्रव्य पानातून काढून द्रावणात घेतलं की दोन उंच सुळके दिसतात, एक निळ्यात ४३० नॅनोमीटरच्या (प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप, त्यावरून रंग ठरतो) आसपास, दुसरा लालमध्ये ६६० च्या. जिवंत पान मात्र थराथरांचं असतं. आत शिरलेला हिरवा किरण पेशींवर आपटत इकडेतिकडे फिरतो आणि त्यातला बहुतेक शेवटी शोषला जातोच. बाहेर परततो तो थोडा. पान हिरवं दिसायला तेवढा पुरतो, कारण आपला डोळाच हिरव्याला सगळ्यात तिखट आहे.

कीथ मक्री यांनी १९७२ मध्ये २२ जातींच्या पिकांची पानं घेऊन एकेका रंगाखाली प्रकाशसंश्लेषण मोजलं. लाल वरचढ ठरला, पण हिरवाही भरपूर कामाचा निघाला. शिवाय लाल आणि निळा वरच्या थरातच अडकतात. पानाच्या तळापर्यंत आणि खालच्या सावलीतल्या पानांपर्यंत हिरवा जास्त पोचतो.

तुमची रोपं प्रकाश कमी पडला म्हणून लांबली, रंगाशी त्याचा संबंध नाही. पांढरा घ्या आणि मोकळे व्हा.

लाल_६६०

इतकं सोपं करून सांगू नका. पांढरा एलईडी म्हणजे आत निळीच चिप आणि वर फॉस्फरचा पिवळा लेप. निळ्याचा बराच भाग लेपात शिरून पिवळा-लाल होऊन बाहेर पडतो आणि त्या रूपांतरात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. लाल डायोड थेट लाल देतो. लाल फोटॉनमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या कणात, ऊर्जाही कमी असते, म्हणजे तेवढ्याच विजेत फोटॉन जास्त मिळतात. आणि पानाला फोटॉनची संख्या कळते, वॅट कळत नाहीत. पीक घेणाऱ्या हरितगृहांत आजही लालचा भर असलेले दिवे टांगतात, ते या हिशोबामुळे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०१४ मध्ये भाजी वाढवायचा 'व्हेजी' हा संच गेला, तोही लाल-निळ्यावरच उभा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळवीरांनी त्यातलं लेट्यूस खाल्लं. तेव्हा 'जांभळा म्हणजे फसवणूक' हा जो सूर सगळीकडे ऐकू येतो, तो मला मान्य नाही.

पानोपानी

व्हेजीमध्ये हिरवे एलईडीही आहेत, ते का सांगितलं नाहीत? माणसाला झाड नीट दिसावं हा त्यांचा एक उपयोग. आणि नवशिक्यासाठी हाच मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

माझा पहिला दिवा जांभळाच होता. त्याखाली सगळी पानं काळपट दिसतात, निरोगी असोत की आजारी. मिरचीची वाढ थांबली तेव्हा मी खत वाढवलं, पाणी कमी केलं, सगळं करून पाहिलं. एकदा दिवा बंद करून कुंडी साध्या उजेडात आणली तर पानभर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके. पान उलटलं, शिरेच्या खोबणीत बारीक जाळं आणि त्यात लाल कोळी नावाचे बारीक किडे फिरत होते. किमान दोन आठवडे ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला दिसले नाहीत. मॅग्नेशियम कमी पडलं की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. जांभळ्याखाली हे ओळखून दाखवा. हरितगृहात निदान दिवसाचं ऊन तरी असतं. रॅकच्या खणात दुसरा उजेडच नसतो.

लाल_६६०

कोळ्यांचा मुद्दा मान्य. पण तुम्ही सांगताय ती पाहण्याची सोय झाली. वाढीसाठी पांढरा सरस आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. पाहणीपुरता साधा दिवा लावला की झालं.

रॅकवाली

दोघेही रंगात अडकलात. मी पाच वर्षं रोपं साध्या एलईडी ट्यूबखाली करते. ६० सेंमीच्या खणात ९ वॅटच्या चार ट्यूब, प्रत्येक खणाला एक टायमर, १६ तास चालू आणि ८ तास बंद. ट्यूब पानांपासून ८ सेंमीवर, साखळीने टांगलेल्या. रोप वाढलं की साखळीची एक कडी वर. चूक होते ती इथेच: लोक ट्यूब छताला लावतात, रोप जमिनीवर ठेवतात आणि मग 'साध्या दिव्याने होत नाही' म्हणतात. ट्यूब जेमतेम कोमट होते, पान टेकलं तरी करपत नाही.

माझी टोमॅटोची रोपं बुटकी, जाड खोडाची, पेरापेरांत दोन बोटांचं अंतर. केल्विनचं, म्हणजे पांढरा पिवळसर की निळसर ते सांगणाऱ्या आकड्याचं म्हणाल तर ४००० किंवा ६५००, रोपांना दोन्ही चालतात. पहिल्याच वेळी शंभर वॅटचा पॅनेल कशाला? आधी बी रुजवायला, पाणी बेताने घालायला शिका.

मोजून_मापून

रॅकवालीताई, रोपांपुरतं तुमचं सोळा आणे खरं. पण कोवळा_कोंबला टोमॅटो आणि मिरची हवीय, नुसती रोपं नकोत. म्हणून थोडा हिशोब मांडतो.

झाडाला लागणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला. त्याचे किती फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजतात; दहा लाख मायक्रोमोल म्हणजे एक मोल. भर दुपारचं ऊन साधारण २०००. या आकड्याला तासांनी गुणा, मग ०.००३६ ने गुणा, की दिवसभराचा प्रकाश मोलमध्ये मिळतो. लेट्यूससारख्या पालेभाजीला दिवसाला १२ ते १७ मोल लागतात. फळं धरणाऱ्या टोमॅटोला २० ते ३०.

आता ताईंचा खण. पानांच्या उंचीवर उजेड मोजायचं अ‍ॅप लावून फोन ठेवला तर अंदाजे ८००० लक्स (डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप) दिसतील. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ६५ ने भागा, १२३ मायक्रोमोल आले. १६ तासांचे ७ मोल. रोपं सुरेख होतील, टोमॅटो लागणार नाही. लागलाच तर दोन-तीन, मुळमुळीत.

शंभर वॅटचा बरा पॅनेल दर वॅटला सेकंदाला अडीच मायक्रोमोल देतो, म्हणजे २५०. खण ०.३६ चौरस मीटरचा. कडेने वाया जाणारा प्रकाश सोडला तरी पानांवर ५०० पडतात. १६ तासांचे जवळजवळ २९ मोल. फळाची गाठ इथे बसते.

लक्सचा हा भागाकार जांभळ्या दिव्याला चालत नाही. लक्स माणसाच्या डोळ्यासाठी बनलेलं माप आहे, लाल-निळं त्यात नीट धरलंच जात नाही. नवशिक्याकडे मोजायला फोनच असतो, म्हणून माझं मत पांढऱ्याला.

आणि खोक्यावरचे '१००० वॅट' विसरा. मागे मी घेतलेल्या एका दिव्यावर ६०० छापलं होतं, प्लगमध्ये वॅटमीटर लावला तर ६२. डायोडची कागदावरची कमाल ताकद बेरीज करून छापतात, नाहीतर 'अमक्या जुन्या दिव्याइतका' असा अर्थ लावतात. भिंतीतून खरोखर किती वॅट ओढतो ते लिहिलेलं नसेल तर तो दिवा घेऊच नका. यावर मी अजिबात मागे हटणार नाही.

लाल_६६०

वॅटच्या खोटेपणावर शंभर टक्के सहमत. जांभळ्याचं नाव याच लोकांनी घालवलं. पण दिवा खोटा निघाला तर दोष छापणाऱ्याचा, लाल रंगाचा नाही.

सावलीतलं_झाड

वेगळं बोलतो, राग मानू नका. दिवा घ्यायचाच कशाला? १०० वॅट १६ तास म्हणजे रोज १.६ युनिट, महिन्याला ४८. मूठभर टोमॅटोसाठी महिनोन्महिने एवढी वीज? आहे त्या उजेडात राहणारी झाडं लावा. मनीप्लांट, सान्सेव्हेरिया, झेडझेड ही झाडं खिडकीपासून दूरही तग धरतात. उन्हातलं झाड खोलीत कोंडायचं आणि मग त्याच्यासाठी वीज जाळायची, हे मला पटत नाही.

रॅकवाली

माझ्या ३६ वॅटचे महिन्याला १७ युनिट होतात, आणि तेही रोपं असतील तेवढेच दीड-दोन महिने. पुढे रोपं उन्हात जातात. पण ज्याच्याकडे ऊनच नाही, त्याने मिरची लावूच नये का? बाजारात मिळत नाही म्हणून कुणी लावत नाही. रोज सकाळी एक नवीन पान बघायचं असतं.

सावलीतलं_झाड

नवीन पान मनीप्लांटलाही येतं हो.

मोजून_मापून

विजेचा मुद्दा रास्त आहे, म्हणूनच टायमर लावा आणि गरजेपुरताच दिवा चालवा. काही जण टोमॅटोला चोवीस तास उजेड देतात. वीज तर जातेच, वर पानं पिवळी पडतात. अखंड प्रकाश टोमॅटोला सोसत नाही, त्याला रात्र हवी.

कोवळा_कोंब

सगळं दोनदा वाचलं. काल दुपारी फोन खिडकीतल्या कुंडीवर ठेवला: ९०० लक्स. मला तर तिथे लख्ख वाटत होतं! दिवसाच्या उजेडाला ५४ ने भागतात असं सापडलं, म्हणजे १७ मायक्रोमोल. १२ तासांचा एक मोलही भरत नाही. रोपं का लोळली ते कळलं. अख्खा आठवडा मी मातीला दोष देत होतो.

सावलीतलं_झाड, तुमचं म्हणणं डोक्यात राहिलंय. बाकी कोपऱ्यात सान्सेव्हेरियाच ठेवेन. पण या एका खणात मला मिरचीच हवी.

पांढरा पॅनेल घेतोय, ताकद कमी-जास्त करायची सोय असलेला. रोपं लहान आहेत तोवर अर्ध्यावर, ४५ सेंमी उंचीवर. त्यात पांढऱ्यांच्या मधे काही ६६० चे लाल डायोडही आहेत, लाल_६६० यांना तेवढं तरी पटावं.

लाल_६६०

पटलं. पांढरा आणि थोडा लाल हा मेळ मीही सुचवलाच असता, 'हिरव्यावाचून गत्यंतर नाही' हे कारण सोडून. लटकवताना वायर प्लगच्या खाली झोका घेऊन मग वर जाऊ द्या. पाणी ओघळलं तर झोक्याच्या तळाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

पानोपानी

आणि पहिले दोन दिवस पानांकडे लक्ष ठेवा. कडा वर वळून होडीसारखी झाली किंवा शेंडा पांढुरका पडला तर दिवा वर घ्या. अंधारात वाढलेल्या रोपाला एकदम इतका प्रकाश झेपत नाही.

कोवळा_कोंब

हो. एक राहिलंच, लांबलेल्या रोपांपैकी चार अजून उभी आहेत. त्यांचं काय करू?

रॅकवाली

टोमॅटो असतील तर नवीन कुंडीत खालच्या दोन पानांपर्यंत खोड मातीत पुरा, पुरलेल्या भागातून मुळं फुटतात. मिरची मात्र इतकी खोल लावू नका, ती अशी सहज मुळं धरत नाही. तिला काडीचा आधार द्या. चारांत मिरच्या किती?

कोवळा_कोंब

एक.