निम्मं ठाणं खाजवतंय म्हणे!

घोडबंदरकर: सकाळपासून एक मेसेज फिरतोय: 'त्वचेच्या ओपीडीत निम्मी गर्दी गजकर्णाची, म्हणजे निम्म्या ठाण्याला गजकर्ण.' अहो, ओपीडीत येतो तोच मुळी खाज सुटलेला! शहराचं प्रमाण हवं तर मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं निवडा, खाज नसलेल्यांच्याही जांघा, काखा, कंबर, बोटांच्या बेचक्या बघा. खपली १०% केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) १५-२० मिनिटं ठेवा, मायक्रोस्कोपखाली बुरशीचे तंतू दिसले तरच मोजा. जगात २०-२५% लोकांना वरवरची बुरशी असते हा अंदाज इथे फेकू नका. त्यात नखं, शिबं, चिखल्या सगळं आलं. शिबं तर मॅलॅसेझिया नावाच्या वेगळ्याच बुरशीची, एकाची दुसऱ्याला लागतही नाहीत.

कळवा_मेडिकल: ओपीडी उलट कमीच दाखवते. गजकर्णाची पहिली ओपीडी म्हणजे आमचा काउंटर. रबाळे-महापेच्या कारखान्यातला शिफ्टवाला हजेरी बुडवून स्पेशालिस्टकडे जात नाही, ट्यूब मागतो.

नेरूळकरीण: आणि तुम्ही देता! क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड, निओमायसिन हे अँटिबायोटिक, मायकोनाझोल हे बुरशीचं औषध, सगळी भेळ एकाच ट्यूबमध्ये. स्टेरॉइड मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत आहेत, पण चिठ्ठी कोण बघतं? खाज लगेच थांबते, गोल कडा पुसट होते, बुरशी खाली पसरत राहते. पुढे डॉक्टरलाही ओळखू येत नाही. जांघेत चरे पडतात ते जन्मभर जात नाहीत.

कळवा_मेडिकल: चिठ्ठीवरसुद्धा तीच ट्यूब लिहून येते हो! डॉक्टरांना विचारायची हिंमत आहे? सगळा राग काउंटरवर.

नेरूळकरीण: दोघांनाही विचारते. तुम्ही आधी सापडलात.

माजिवडा_लॅब: भांडा, पण तपासणीचं ऐका. खपली चट्ट्याच्या कडेची हवी, मधली नाही. बुरशी कडेलाच वाढते. मलम चोपडून आलात तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, बुरशी असूनही. म्हणजे घोडबंदरकरांचा सर्व्हेही आकडा कमी दाखवणार. शिवाय आताची बुरशी बहुतेक ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, हे नाव २०२० चं. तिच्या बऱ्याच नमुन्यांत एसक्यूएलई जनुक बदललेलं असतं, त्यांना टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध नीट लागू पडत नाही. मग इट्राकोनाझोल हे दुसरं औषध. ती कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, आणि लोक सोबत ॲसिडिटीची गोळी घेतात. पोटात ॲसिड नसेल तर कॅप्सूल नीट शोषली जात नाही. बुरशीचं मलम चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. खाज थांबली की थांबवता, म्हणून परत येतं.

वाशी_तळमजला: आणि कपडे? पावसाळ्यात दमट जीन्स, एकच टॉवेल घरभर. ६० अंशांच्या पाण्यात धुवा, उलटे वाळवा, इस्त्री शिवणींवर फिरवा. एकट्याचा उपचार करून उपयोग नाही, घरातले सगळे तपासा.

घोडबंदरकर: बरं बाबा, ओपीडीबाहेर खूप आहेत, मान्य. तरी 'निम्मं ठाणं' सिद्ध होत नाही.

नेरूळकरीण: उपकार झाले! पण तुमची मतदार यादी तरी काय कामाची? एका खोलीत आठ जण झोपणारे भाडेकरू तिच्यात नसतात, आणि घोडबंदरच्या टॉवरमध्ये वॉचमन सर्व्हेवाल्यांना आत सोडत नाही.