हाताने बांधलेल्या वह्यांवर घर चालेल का? नोकरी सोडायच्या आधी विचारतेय

वहीवेडी:
नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून गेली काही वर्षं मी घरी वह्या बांधते. जुजबांधणी (म्हणजे दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे दोऱ्याने एकत्र शिवणं), कापडी पुठ्ठा, सगळं हातानेच. आधी मैत्रिणींना दिल्या, मग त्यांच्या ओळखीतून मागणी यायला लागली आणि आता दर महिन्याला चार पैसे सुटतात, म्हणून डोक्यात घोळतंय की हेच पूर्णवेळ करावं. भाव असा लावते की कागद, पुठ्ठा, कापड, दोरा, गोंद यांचा खर्च काढायचा आणि दुप्पट करायचा. घरचे म्हणतात छंद आहे तोवर ठीक आहे. मला हे काम मनापासून आवडतं, पण घरखर्चाला माझा पगार लागतोच. ज्यांनी हातच्या कलेतून धंदा उभा केलाय त्यांनी प्लीज सांगा, सोडायच्या आधी नक्की काय काय बघू?

कणा_पक्का:
ताई, ते सामानाच्या दुप्पट वगैरे आधी सोडा, कारण तुमच्या वहीत सामान कमी आणि हात जास्त आहे. कागद साधा असो की भारी, शिवायला वेळ तेवढाच लागतो ना, मग साध्या वहीत तुमची मजुरी कमी आणि भारी वहीत जास्त, हे कसलं गणित?

घड्याळ लावून एक वही बांधा. कागदाला घड्या घालणं, टोच्याने भोकं, दोऱ्याला मेण, शिवण, कण्याला म्हणजे वहीच्या शिवलेल्या पाठीला गोंद, पुठ्ठा चढवणं, सगळं धरून समजा ९० मिनिटं लागली. आता दिवसाचे आठ तास टेबलाशी मिळतील असं धरू नका, पॅकिंग, फोटो, मेसेजना उत्तरं, सामान आणणं, हिशोब यात तीन तास कसे जातात कळत पण नाही. उरले पाच, म्हणजे दिवसाला ३ वह्या, महिन्याचे २२ दिवस धरले तर ६६. घरी न्यायची रक्कम अधिक धंद्याचा वरखर्च, याला ६६ ने भागा. सामानाचे पैसे वजा जाऊन एका वहीमागे एवढे सुटले पाहिजेत. आकडा बघून धस्स होईल, पण खरा आकडा तोच.

आता वेळ कमी कसा करायचा, तर एकेक वही पूर्ण करत बसायचं नाही, लॉट लावायचा. २० वह्यांच्या घड्या एकदम, मग भोकं एकदम (जाड पुठ्ठ्याचा साचा करून ठेवा, प्रत्येक वेळी मापायला लागत नाही), मग शिवण, आणि संध्याकाळी सगळ्या वजनाखाली ठेवल्या की रात्रभर निवांत वाळतात. ९० ची ६० मिनिटं झाली तर त्याच पाच तासांत ५ वह्या, महिन्याला ११०. पण ११० घेणारी माणसं आहेत का हे वेगळं बघायला लागतं, त्याचं उत्तर टेबलावर मिळत नाही. आणि साइज दोन-तीनच ठेवा, प्रत्येकाला वेगळं माप देत बसलात तर लॉट लागतच नाही.

पुठ्ठा_आणि_कापड:
वरच्यांशी सहमत. दुकानात ठेवणार असाल तर अजून एक, दुकानदार विक्रीच्या किमतीतले ३० ते ५० टक्के सहसा स्वतःकडे ठेवतो, तेव्हा आजचा भाव तो कट सोसेल का ते आधीच तपासा. आणि दुकानात एक भाव नि तुम्ही स्वतः त्याहून स्वस्त, असं कधीच करू नका, दुकानदार परत उभं करत नाही.

नाव छापलेल्या वह्यांची ऑर्डर आली की निम्मे पैसे आधी घ्यायचे, नमुन्याचा फोटो पाठवून होकार लेखी घ्यायचा. ती वही दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. तारखांच्या डायऱ्यांचंही तेच, वर्ष सुरू होऊन दोन महिने गेले की पडून राहतात, बिनतारखेच्या कधीही खपतात.

वहीवेडी:
६६ ने भागून बघितलं. आत्ताच्या भावाच्या बरंच वर जातंय 😟 एवढे पैसे लोक देतील का? आणि एकदोघींची तक्रार होती की वही नीट सपाट उघडत नाही.

कणा_पक्का:
तुम्ही ए४ कागद मधोमध दुमडताय का? तसं असेल तर कारण तेच असणार. कागदातले तंतू एका दिशेने जास्त असतात, त्याला ग्रेन म्हणतात. ए४ मध्ये ते बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात, मधोमध दुमडला की कण्याला आडवे येतात, मग पान ताठ राहतं आणि गोंद लागला की कण्यापाशी लाटा पडतात. ग्रेन कण्याला समांतर पाहिजे. कागद आधी लांबीत, मग रुंदीत हलकेच वाकवून बघा, जिथे सहज वाकतो तिथली घडीची रेघ हीच ग्रेनची दिशा. मोठे ताव घेऊन प्रेसमधून हव्या दिशेने कापून आणा, बरेचदा स्वस्तही पडतं. भाव वाढवायच्या आधी हे करा, कारण हातात घेतल्यावर वही अलगद उघडली की गिऱ्हाईक किमतीवर फारसं अडत नाही.

दोरा_सुई:
मी जरा वेगळं सांगते. नुसत्या वह्यांवर राहू नका. जुनी पुस्तकं परत बांधून द्यायचं काम घ्या. त्यात माल आधी करून ठेवायला लागत नाही, पैसे अडकत नाहीत, आणि आजीची पोथी नाहीतर वडिलांचा शब्दकोश घेऊन आलेला माणूस स्वस्त वही शोधायला आलेला नसतो. काम हळू आहे, जबाबदारीचं आहे, फाटलेलं पान अजून फाटायला नको. पण तुमचा हात बसलेला दिसतोय.

वहीवेडी:
हे डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू ताई! मग नोकरी कधी सोडू?

कणा_पक्का:
नवीन भाव लावून आधी नोकरीत राहूनच विका. आणि ज्या महिन्यांत भेटवस्तूंची गर्दी असते ते महिने बघून ठरवू नका, तेव्हा सगळ्यांचंच विकलं जातं. मंदीच्या महिन्यांत अनोळखी लोक नव्या भावाने घेतायत का आणि जुनी गिऱ्हाइकं परत येतायत का ते बघा. धंद्याचं खातं आजच वेगळं उघडा म्हणजे काय सुटतं ते स्पष्ट दिसेल. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असला तर बरं. ऑफिसात आठवड्याचे दिवस कमी करून मिळत असतील तर ते आधी विचारा.