एसीसीए एफआर परत देतोय, कुठलं मटेरियल ठेवू आणि कुठलं बाजूला करू?

प्रश्न

एसीसीएचा (ही अकाउंटिंगची आंतरराष्ट्रीय परीक्षा) एफआर म्हणजे फायनान्शियल रिपोर्टिंगचा पेपर मागच्या वेळी ४४ वर राहिला. पासिंग ५० ला आहे त्यामुळे सहा मार्क म्हणजे फार नाही असं सगळे म्हणतात, पण मला नक्की कुठे गेले तेच कळत नाहीये. आता डिसेंबरला परत बसतोय, नोकरी करून रोज दीड-दोन तास मिळतात, रविवारी थोडे जास्त. माझ्याकडे सध्या एका सिनिअरने दिलेलं जाडजूड टेक्स्टबुक आहे, दोन वेगवेगळ्या सरांच्या नोट्स, एक पूर्ण व्हिडिओ कोर्स (तो निम्मा झालाय) आणि एक प्रॅक्टिस किट (सरावाच्या प्रश्नांचं पुस्तक) आहे ज्यातली सुरुवातीची चाळीसेक पानंच झालीत. मागच्या वेळी सगळंच थोडं थोडं वाचलं आणि शेवटी काहीच धड झालं नाही. नवीन काही घ्यावं का, की आहे त्यातलंच? आणि कन्सॉलिडेशन (मुख्य कंपनी आणि तिच्या ताब्यातल्या कंपन्यांचे हिशोब एकत्र करणं) डोक्यावरून जातं त्यासाठी वेगळं पुस्तक लागतं का?

उत्तर १

सगळ्यात आधी त्या सिनिअरच्या पुस्तकाची एडिशन बघ. लीजचा चॅप्टर उघड, भाड्याने घेणाऱ्या कंपनीच्या हिशोबात फायनान्स लीज आणि ऑपरेटिंग लीज असे दोन प्रकार दिसले तर ते आयएएस १७ या लीजच्या जुन्या अकाउंटिंग स्टँडर्डचं पुस्तक आहे, तसंच ठेवून दे. १ जानेवारी २०१९ पासून त्याच्या जागी आयएफआरएस १६ लागू झालं, आता घेणाऱ्याला शॉर्ट टर्म आणि लो व्हॅल्यू सोडून बाकी लीजसाठी राइट ऑफ यूज अॅसेट (वस्तू वापरायचा हक्क) आणि लीज लायबिलिटी (द्यायचं भाडं) दोन्ही दाखवावं लागतं. रेव्हेन्यूचंही तेच, आयएएस १८ आणि आयएएस ११ जाऊन २०१८ पासून आयएफआरएस १५ आलं. जुन्या पुस्तकातून वाचलं तर उत्तर मन लावून लिहिशील आणि मार्क मिळणार नाहीत, याचं जास्त वाईट वाटतं. एसीसीए सप्टेंबर ते पुढच्या ऑगस्टपर्यंत चालणारी एक्झामिनेबल डॉक्युमेंट्सची, म्हणजे परीक्षेला कुठली स्टँडर्ड्स आहेत त्याची, यादी साइटवर टाकते, ती आणि सिलॅबस गाइड काढून तुझ्या किटवरचं वर्ष त्याला जुळतंय का बघ. नवीन घ्यायचंच असेल तर फक्त चालू वर्षाचं किट घे. कॅप्लान आणि बीपीपी दोन्ही एसीसीएचे अप्रूव्ह्ड कंटेंट प्रोव्हायडर आहेत, कुठलंही एक चालेल. दोन्ही नको घेऊ.

उत्तर २

मी पण दुसऱ्या प्रयत्नात काढला हा पेपर म्हणून मनापासून सांगते, पहिल्यांदा माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त मटेरियल होतं. दुसऱ्यांदा एक किट आणि एक वही, बस. वहीत फक्त चुका. प्रश्न सोडवायचा, उत्तर बघायचं, आणि जिथे मार्क गेला ती ओळ स्वतःच्या शब्दांत लिहायची.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. सब्सिडिअरी (आपल्या ताब्यातली कंपनी) वर्षाच्या मध्यात घेतलीय, तिच्या मशीनची फेअर व्हॅल्यू (बाजारातली किंमत) बुक व्हॅल्यूपेक्षा (वहीतल्या किमतीपेक्षा) ५०,००० ने जास्त, आयुष्य अजून ५ वर्षं. मी प्रत्येक वेळी जास्तीचं डेप्रिसिएशन (घसारा) १०,००० घ्यायचे. पण आपल्याकडे कंपनी सहाच महिने होती ना, म्हणून ५,०००. पुढे तेच ५,००० नेट अॅसेट्सच्या वर्किंगमध्ये, तिथून रिटेन्ड अर्निंग्जमध्ये आणि एनसीआयमध्ये (सब्सिडिअरीतल्या बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा) जातात, म्हणजे एक तारीख न वाचल्याने चार जागी आकडा बिघडतो. हे वहीत तीन वेळा लिहिलं गेलं, चौथ्यांदा चूक झाली नाही. तुला कन्सॉलिडेशनचं वेगळं पुस्तक नकोय, तेच पंधरा प्रश्न परत परत हवेत, आणि प्रत्येक वेळी ग्रुप स्ट्रक्चर आणि तारीख सगळ्यात आधी काढायची.

अजून एक, व्हिडिओ आता पूर्ण करत बसू नको. सरांनी सोडवलेलं बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि कोरी शीट समोर आली की हात चालत नाही. अडलेल्या टॉपिकपुरता बघ आणि लगेच प्रश्न घे.

उत्तर ३

वरच्या ताईंशी बऱ्यापैकी सहमत आहे पण नुसत्या किटवर सगळ्यांचं भागत नाही. डबल एन्ट्रीच कच्ची असेल, डिफर्ड टॅक्सची (पुढच्या वर्षांवर जाणारा कर) एन्ट्री कुठल्या बाजूला जाते इथेच अडखळायला होत असेल, तर किट म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तेवढे चॅप्टर टेक्स्टमधून नीट वाच, त्यासाठी एसीसीएचं स्वतःचं ऑनलाइन स्टडी हब फुकट आहे, जुनं पुस्तक कशाला.

आणि पेपरचा आकार बघून वेळ वाट. सेक्शन ए आणि बी मिळून ६० मार्क, सगळे दोन-दोन मार्कांचे प्रश्न, म्हणजे सिलॅबसचा कुठलाही कोपरा सोडून चालत नाही. सेक्शन सी चे २०-२० चे दोन प्रश्न. त्यात इंटरप्रिटेशन (आकड्यांचा अर्थ सांगणं) आलं की लोक रेशो काढतात आणि लिहितात करंट रेशो (जवळची येणी-मालमत्ता भागिले जवळची देणी) वाढला, म्हणजे लिक्विडिटी सुधारली. याला फारसं काही मिळत नाही. का वाढला ते प्रश्नातल्या माहितीतून सांगावं लागतं, वर्षाअखेर नवीन कर्ज घेतलं म्हणून कॅश दिसतेय का, का माल पडून राहिलाय. हे कुठल्याच नोट्समध्ये तयार मिळत नाही, एक्झामिनर्स रिपोर्ट वाच, पोरं कुठे चुकली ते त्यात सरळ लिहिलेलं असतं.

सेक्शन सी कागदावर सोडवू नको. परीक्षा कॉम्प्युटरवर आहे, एसीसीएच्या प्रॅक्टिस प्लॅटफॉर्मवर स्प्रेडशीटमध्ये फॉर्म्युला टाकूनच सोडव, तिथे हात बसला पाहिजे.

प्रश्नकर्ता

खूप आभार सगळ्यांचे. लीजचा चॅप्टर उघडून बघितला, खरंच आयएएस १७ आहे, आणि मागच्या वेळी मी त्यातूनच वाचलं होतं. किटवरचं वर्ष बरोबर आहे. म्हणजे आता किट, स्टडी हब आणि चुकांची वही, दोन्ही सरांच्या नोट्स बंद. एकच विचारायचं होतं, किटमधले जे प्रश्न आधी झालेत ते परत करू का सोडू?

उत्तर २

परत कर, उत्तर न बघता आणि घड्याळ लावून. २० मार्कांचा प्रश्न म्हणजे ३६ मिनिटं, १०० मार्कांना ३ तास त्या हिशोबाने. वेळ संपली की थांब, तेवढ्यात जे झालं तेच तपास. आणि पहिला प्रश्न वर्षाच्या मध्यात सब्सिडिअरी घेतल्याच्या तारखेचाच घे.